खाडीकाठच्या गाळ्यांतील तबकड्या

वसईच्या खाडीवरून येणारा खारा वारा भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत शिरतो, तेव्हा पावसाळ्याचे चार महिने तर राहोच, पण ऐन मार्गशीर्षातही गाळ्यांच्या शटरांवर, खिडक्यांच्या गजांवर आणि उघड्या पडलेल्या प्रत्येक खिळ्यावर त्याची तांबूस खूण उमटलेली दिसते. पश्चिमेस राई-मुर्ध्याकडे मिठागरे, त्यांच्या पलीकडे उत्तनचा समुद्र, उत्तरेस खाडी, आणि या तिन्हींच्या मधोमध स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनी नावारूपाला आलेली ही वसाहत. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका लाभलेल्या या शहराची लोकसंख्या कितीही वाढली आणि त्याच्या इमारती कितीही उंच झाल्या, तरी पत्र्याची सर्कले कापणारे, ती प्रेसखाली दाबून वाट्या-डबे घडविणारे, त्यांना पॉलिश करणारे आणि या सर्वांसाठी डाय बनविणारे कारागीर अजून त्याच अरुंद गाळ्यांतून काम करीत आहेत. अशा एखाद्या डाय बनविणाऱ्याच्या गाळ्यात, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, कधीकाळी पांढरा असलेला आणि आता पिवळट पडलेला एक संगणक आढळतो. त्यावर विंडोज ९८ किंवा त्याहूनही जुनी डॉस प्रणाली चालते, त्याला फ्लॉपीची फट असते, आणि त्याच्या पाठीमागून निघालेली जाड केबल शेजारच्या वायर-कट किंवा कोरीवकामाच्या यंत्रापर्यंत गेलेली असते.

भंगारवाला या संगणकाचे मोल वजनावर करील. ज्या यंत्राला तो हुकूम देतो ते यंत्र मात्र लाखांच्या किमतीचे असते आणि नीट राखल्यास आणखी कित्येक वर्षे बिनतक्रार चालण्याजोगे असते. आणि मग एके दिवशी सकाळी कळ दाबल्यावर नेहमीचा घुमणारा आवाज येत नाही, त्याऐवजी ठराविक अंतराने टक्-टक् ऐकू येते, पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रणाली सापडत नसल्याचा मजकूर उमटतो, आणि गाळ्यातील मंडळी एकमेकांकडे पाहून म्हणतात, हार्ड डिस्क गेली.

नवा संगणक आणून प्रश्न मिटत नाही. यंत्राचे नियंत्रण करणारे कार्ड आयएसए नावाच्या ज्या खाचेत बसते, ती खाच १९८१ सालच्या आयबीएमच्या पहिल्या पर्सनल संगणकाबरोबर आली आणि या शतकाच्या आरंभी नव्या मदरबोर्डांवरून नाहीशी होऊ लागली. ते कार्ड चालविणारा प्रोग्राम डॉसच्या काळात लिहिलेला असतो आणि तो प्रणालीची परवानगी न घेता थेट कार्डाशी बोलतो. विंडोज एक्सपी आणि तिच्या पुढील सर्व प्रणाली असा थेट व्यवहार होऊ देत नाहीत. ज्या कंपनीने तो प्रोग्राम लिहिला ती पुष्कळदा व्यवसायातूनच गेलेली असते, तिने दिलेल्या फ्लॉपींवर बुरशी धरलेली असते, आणि यंत्राच्या सेटिंगचे जे आकडे बसविणाऱ्या तंत्रज्ञाने एकदा भरून दिले होते, ते त्या एका तबकडीवाचून दुसरीकडे कोठेही लिहून ठेवलेले नसतात. सबब, जो तुकडा निकामी झाला तेवढाच बदलावा आणि बाकी सारे जसेच्या तसे राहू द्यावे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

ही तबकडी मुळात आहे काय, हे थोडे पाहणे अवश्य आहे. १९५६ साली आयबीएमने जे पहिले तबकडी-भांडार बाजारात आणले, त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. १९८० साली सीगेट कंपनीने साधारण तेवढीच, म्हणजे ५ मेगाबाइटची, सामग्री सव्वापाच इंची डब्यात बसविली, आणि १९८३ साली आयबीएमच्या एक्सटी संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. पुढे १९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल, कंट्रोल डेटा आणि कॉम्पॅक या कंपन्यांनी तबकडीचे नियंत्रण करणारे सर्किट तबकडीच्याच पाठीवर बसवून जी पद्धत रूढ केली, तिला आपण आयडीई म्हणून ओळखतो. रुंद, करड्या, चपट्या केबलीची आणि ४० पिनांची ही पद्धत पुढे जवळजवळ दोन दशके जगभरच्या टेबलांवर राज्य करीत होती, आणि भाईंदरच्या गाळ्यांतील बहुतेक जुने संगणक याच घराण्यातील आहेत.

तबकडी फिरते तेव्हा वाचणारे हेड तिला स्पर्श करीत नाही. ते हवेच्या अतिसूक्ष्म थरावर तरंगते, आणि तो थर मायक्रोमीटरच्या एका अंशाइतका पातळ असतो. डबा संपूर्ण बंद आहे असे आपण समजतो, परंतु आतला व बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून त्याला एक बारीक छिद्र असते, त्यावर गाळणी असते, आणि त्यातून तबकडी आपल्या परिसराची हवा घेत असते. पुण्याच्या एखाद्या कोरड्या कचेरीत जी तबकडी पंधरा वर्षे टिकेल, तिला खाडीकाठी बाष्प, क्षार आणि पॉलिशच्या चाकावरून उडणारी धातूची भुकटी या तिघांशी सामना करावा लागतो. भुकटी सर्किटवर बसते, क्षाराने जोडाच्या पट्ट्या काळवंडतात, आणि बेअरिंगातील वंगण तर वयाबरोबर सर्वत्रच सुकते. दीर्घकाळ बंद राहिलेल्या जुन्या तबकडीत हेड पृष्ठभागाला चिकटून बसते, इतके की मोटरीला ते सोडवता येत नाही. यांपैकी काही दोष बाहेरून साफसफाईने दूर होण्याजोगे असतात. सर्किट खोलून त्याखालच्या काळवंडलेल्या पट्ट्या हलक्या हाताने पुसल्यावर मेलेली म्हणून बाजूला ठेवलेली तबकडी पुन्हा फिरू लागते, हे या धंद्यातील माणसे जाणून आहेत, आणि म्हणून अनुभवी कारागीर प्रथम तेथे पाहतो.

येथवर येईतो जुन्या संगणकाला नवे साठवण-साधन जोडून देणाऱ्या कोणत्याही अ‍ॅडॉप्टरचा प्रश्न उपस्थित झालेला नाही, आणि माझ्या मते हीच या साऱ्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. बाजारात मिळणाऱ्या लहानशा हिरव्या पट्टीचे कौतुक सर्वांना असते. परंतु जिच्यावरचा मजकूर वाचून घेतलेला नाही अशा तबकडीच्या जागी नवे साधन बसविले, तर यंत्राच्या पोटात कोरा कागद ठेवल्यासारखेच होते. काम सुरू होते ते नक्कल काढण्यापासून. मरू घातलेली तबकडी काढावी, ती वेगळ्या संगणकाला जोडावी, तिच्यावर एक अक्षरही लिहिले जाणार नाही अशी तजवीज करावी, आणि पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत, फाइलींचा विचार न करता, जसे आहे तसे सारे उतरवून घ्यावे. फाइलींची नक्कल केली तर प्रणाली सुरू करणारा आरंभीचा सेक्टर मागे राहतो आणि यंत्र जागे होत नाही. शिवाय काही जुने प्रोग्राम विभागाचा अनुक्रमांक तपासून मगच चालतात, आणि तो अनुक्रमांक सेक्टरवार नकलेबरोबरच येतो. खुद्द तबकडीच्या सर्किटात कारखान्याने कोरलेला क्रमांक मात्र नकलेत येत नाही, आणि ज्या थोड्या प्रोग्रामांनी परवाना त्या क्रमांकाशी बांधलेला आहे त्यांच्यापुढे हा सारा उपाय थांबतो. हे मालकाला आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे असते.

नक्कल काढण्यासाठी जगभर वापरले जाणारे एक मुक्त साधन म्हणजे अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेले डीडीरेस्क्यू. त्याची कार्यपद्धती एखाद्या समंजस वैद्याला शोभावी अशी आहे. साधा नक्कल-प्रोग्राम खराब सेक्टर आला की तेथेच अडून तबकडीला पुन्हा पुन्हा छळतो, आणि त्या छळातच उरलेली तबकडी जाते. हे साधन तसे करीत नाही. जे भाग सहज वाचता येतात ते प्रथम घेते, अडचणीचे भाग ओलांडून पुढे जाते, कोठे काय राहिले याची नोंद एका वेगळ्या फाइलीत ठेवते, आणि सुरक्षित भाग हाती लागल्यावरच राहिलेल्या जागांकडे वळून त्यांच्या कडा चहूबाजूंनी कातरीत आत शिरते. मध्येच वीज गेली किंवा तबकडी तापली म्हणून थांबावे लागले, तरी त्या नोंदीच्या आधारे काम पुढे चालू करता येते. नवघर रस्त्यालगतच्या एका गाळ्यात हे काम चालताना मी बसून पाहिले आहे. पडद्यावर वाचून झालेल्या भागाचा आकडा संथपणे वाढत होता, आणि तबकडीवर टेबलावरचा लहान पंखा वारा घालीत होता. त्या कारागिराने तोवर नव्या साधनाचे पाकीट उघडलेसुद्धा नव्हते.

नक्कल हाती आल्यावर प्रश्न उरतो भाषेचा. जुना संगणक आयडीईच्या भाषेत मागणी करतो. नवी साधने दुसऱ्याच भाषा बोलतात. आणि दोघांच्या मध्ये दरबारातील दुभाष्याप्रमाणे अ‍ॅडॉप्टर उभा राहतो. या बाबतीत कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाचे स्थान आगळे आहे. सॅनडिस्कने १९९४ साली आणलेल्या या ५० पिनांच्या कार्डाला आयडीईची भाषा जन्मतःच येते, त्यामुळे त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर कोणतेही हुशार सर्किट नसते. तांब्याच्या रेषा या पिनेपासून त्या पिनेपर्यंत नेलेल्या असतात, एवढेच. जुन्या यंत्रासाठी मला हा मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो, कारण ज्यात काही नाही ते बिघडतही नाही. एसडी कार्डाच्या किंवा साटा पद्धतीच्या एसएसडीच्या अ‍ॅडॉप्टरवर मात्र खरोखरीच अनुवाद करणारी चिप असावी लागते, आणि त्या चिपचा दर्जा सांभाळूनच खरेदी करावी लागते. लॅपटॉपच्या तबकडीला ४४ पिना असतात, कारण वीजपुरवठाही त्याच जोडातून जातो. तो जोड उलटा बसला तर नवे कार्ड क्षणात जळते, म्हणून पहिल्या पिनेची खूण भिंगाखाली पाहण्याची सवय लावून घ्यावी. ज्या यंत्रांत आयडीईऐवजी स्कझी पद्धत आहे, जसे जुने मॅकिंटॉश किंवा संगीताचे सॅम्पलर, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातील मायकेल मॅकमास्टर यांनी स्कझी-टू-एसडी नावाचे साधन तयार केले, आणि पुढे ब्लूस्कझी या मुक्त आराखड्याने तेच काम स्वस्त केले. फ्लॉपीच्या जागी बसणारा गोटेक तर भरतकामाच्या यंत्रांमुळे आपल्याकडील बाजारांतही पोचलेला आहे. हे सारे सामान मुंबईच्या ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, शोधणाऱ्याला बहुधा मिळते.

दुभाष्या मिळाला तरी हिशेबाची रुजवात राहतेच. जुन्या संगणकाच्या बायोसला, म्हणजे कळ दाबताच प्रथम चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रामला, तबकडीचे वर्णन तीन आकड्यांत हवे असते : सिलिंडर किती, हेडे किती, प्रत्येक मार्गावर सेक्टर किती. बायोसची मर्यादा १०२४ सिलिंडरांची, आयडीईची मर्यादा १६ हेडांची, बायोसचीच दुसरी मर्यादा ६३ सेक्टरांची, आणि सेक्टर ५१२ बाइटांचा. या चौघांचा गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट होतो. १९९० च्या दशकारंभीच्या संगणकाला याच्यापलीकडे काही दिसतच नाही, मग कार्ड ३२ गीगाबाइटचे का असेना. त्यानंतरच्या बायोसांत पुढची भिंत सुमारे ८.४ गीगाबाइटला, आणि त्याही पुढची १३७ गीगाबाइटला लागते. डॉसचा एक विभाग २ गीगाबाइटच्या वर जात नाही हे आणखी निराळेच. म्हणून या कामात मोठे कार्ड घेण्यात काही भूषण नाही. मूळ तबकडीइतके किंवा किंचित मोठे, आणि मिळाल्यास औद्योगिक वापरासाठी घडविलेले कार्ड घ्यावे. औद्योगिक म्हणण्याला कारण आहे. सामान्य कार्डे स्वतःची ओळख काढता येण्याजोगे साधन अशी करून देतात, आणि विंडोज एक्सपी अशा साधनावर एकाहून अधिक विभाग चालवू देत नाही. औद्योगिक कार्ड स्वतःला स्थिर तबकडी म्हणवते आणि तंटा उद्भवत नाही.

फ्लॅश स्मृतीची पेशी ठराविक वेळाच पुसून लिहिता येते. झीज कमी राहावी म्हणून आधुनिक प्रणाली साधनाला कोणत्या जागा मोकळ्या झाल्या ते कळवीत असते. ही सूचना देणे विंडोजला २००९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून येते, एक्सपीला येत नाही. एक्सपीचे विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतात, आणि ती सुरुवात फ्लॅशच्या आतल्या खणांशी जुळत नसल्यामुळे एक लिहिणे दोन ठिकाणी होते व झीज वाढते; नक्कल उतरवतानाच विभागाची सुरुवात सरकवून घेतली तर हा दोष जातो. परंतु याहूनही जी गोष्ट कोकणपट्टीत ध्यानात घ्यावी ती उष्णतेची. फ्लॅश पेशीतील विद्युत्भार हळूहळू गळतो, आणि उष्णता ही गळती वाढवते. उद्योगाच्या जेडेक मानकानुसार सामान्य ग्राहकाच्या एसएसडीने आपले नेमून दिलेले आयुष्य संपल्यावर, वीज न देता, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर टिकवला म्हणजे पुरे. पत्र्याच्या छपराखालच्या गाळ्यात वैशाखात ३० अंश ही थंडी म्हणावी लागेल. म्हणून नवे कार्ड बसविले की चिंता मिटली असे मुळीच नाही. नक्कल-फाइल दोन निराळ्या ठिकाणी, त्यांपैकी एक साध्या चुंबकीय तबकडीवर, ठेवणे आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहणे हेच खरे काम, आणि ते ज्याने केले त्याला कार्ड गेल्याचे दुःख एका दुपारपुरतेच होते.

आतापर्यंत यंत्रांचे बोललो. परंतु मराठी दिवाळी अंकाचाही या विषयाशी निकट संबंध आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या दिवाळी अंकाच्या परंपरेत खिळ्यांची जुळणी जाऊन पडद्यावरची जुळणी आली, तेव्हा मराठी मुद्रकांनी पेजमेकर आणि त्यासोबत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सीडॅकची साधने वापरली. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ सालीच मिळाली होती, पण विंडोजने ती प्रत्यक्षात आणली २००० सालच्या आवृत्तीत. मधल्या काळातील आणि त्यानंतरच्याही कित्येक वर्षांचा मराठी मजकूर ज्या फाँटांत टंकला गेला, त्यांत अक्षरांना स्वतःची ओळख नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले होते. तो फाँट आणि तो प्रोग्राम नसेल तर आजच्या संगणकावर त्या फाइलींतून केवळ निरर्थक चिन्हे दिसतात. त्या प्रोग्रामांची किल्ली, म्हणजे डोंगल, प्रिंटरच्या पोर्टला लावावी लागे, आणि ते पोर्ट नव्या संगणकाला नसते. वीस-पंचवीस वर्षांचे मराठी साहित्य, लग्नपत्रिकांपासून संशोधनग्रंथांपर्यंत, छपाईपूर्व अवस्थेत अशा संगणकांच्या तबकड्यांवर पडून आहे, आणि त्यांतील प्रत्येक तबकडीचे आयुष्य मोजके उरले आहे. छापखान्याचा तो जुना संगणक जिवंत ठेवणे, त्याला कार्ड बसवून डोंगलसह चालविणे आणि त्यातून मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेणे याला मी वाङ्मयसेवाच म्हणतो.

व्यापाऱ्याच्या खतावणीचेही तेच. जुन्या टॅलीच्या आवृत्तीत लिहिलेली रोजकीर्द तबकडीबरोबर गेली, तर वस्तू व सेवा कराच्या कायद्याने वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपण्याचे जे बंधन घातले आहे ते कशाच्या आधारे पाळणार? पण कायद्यापुरतेच हे पाहू नये. ज्या भूमीवर हे गाळे उभे आहेत तिच्या भोवतालच्या वसईच्या मोहिमेची हकीकत आज आपल्याला तपशीलवार ठाऊक आहे, याचे श्रेय पुण्यातील पेशवे दप्तराच्या रुमालांना आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतील निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापून काढणाऱ्या गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या परिश्रमांना जाते. त्याआधी इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद वाळवीच्या तोंडून सोडवीत होते. कागदाला वाळवी लागायला पिढ्या लागत. तबकडीला एक पावसाळा पुरतो. भाईंदरच्या भांडे-उद्योगाचा इतिहास उद्या कोणी लिहू म्हणेल, तर कोणत्या डब्याचा डाय केव्हा बनला, कोणत्या गावी माल गेला, मजुरीचा दर काय होता, हे सारे त्याला याच खतावण्यांत आणि याच डायच्या आराखड्यांत शोधावे लागेल.

हे दुखणे केवळ लहान गाळ्यांचे आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाची संदेशयंत्रणा आयबीएमच्या सीरीज-१ संगणकावर आणि आठ इंची फ्लॉपींवर चालत असल्याचे तेथील सरकारी लेखापरीक्षकांनी २०१६ साली नमूद केले, आणि २०१९ साली त्या फ्लॉपींच्या जागी घनस्थितीतील साठवण बसविण्यात आली. बाकीची यंत्रणा तशीच ठेवली. साधने अर्थातच निराळी, परंतु विचार अगदी तोच : जे चालते त्याला हात न लावता, जे झिजले तेवढेच बदलणे.

हे ज्ञान आज काही थोड्या हातांत आहे, आणि ते हातही वयस्क होत आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम आहे. त्यात जंपर कसा लावावा, तीन आकड्यांची भूमिती कशी भरावी, मरणोन्मुख तबकडीची नक्कल कशी काढावी यासाठी काही तास राखून ठेवावेत, आणि सरावासाठी ई-कचऱ्यात येणारे जुने संगणकच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत, अशी माझी मनापासून शिफारस आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली, ते योग्यच झाले. पण जो संगणक एका कार्डावर आणखी दहा वर्षे चालेल तो पुनर्चक्रणास पाठविण्याआधी कोणीतरी उघडून पाहायला हवा.

ज्या गाळ्यात मी नक्कल निघताना पाहिली, तेथील कारागीर काम संपल्यावर कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या अंगाला एक कागद चिकटवतो. त्यावर सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे, जंपरची जागा, कार्डाची क्षमता, नक्कल कोणकोणत्या ठिकाणी आहे ते, सीमॉस बॅटरी बदलल्याची तारीख आणि स्वतःचा फोन नंबर लिहिलेला असतो. काढलेली तबकडी तो मालकाच्याच हवाली करतो, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करून, आणि निदान एक आर्थिक वर्ष उलटेपर्यंत ती फेकू नका असे बजावून सांगतो.